मी, करुणा मॅडमचं कपाट

मित्रांनो, पडेगावच्या एका शाळेत ग्रंथालयाच्या खिडकीशेजारी एक जुनं सागवानी कपाट उभं आहे. तेच मी. पिशोरच्या साहेबराव सुतारांनी मला घडवलं. काचा बसवून झाल्यावर त्यांनी मला बैलगाडीतल्या गवतावर असं अलगद निजवलं, जणू तान्हं मूलच.

सुरुवातीची वर्षं मोठी सुखाची गेली. मधल्या सुट्टीत माझी दारं सारखी करकरत असायची. मग काही पुस्तकं हरवली, काहींची पानं फाटली, आणि एक दिवस माझ्या कडीला कुलूप लागलं. त्यानंतर मुलं काचेला नाक लावून आत बघायची आणि निघून जायची.

करुणा मॅडम ग्रंथपाल म्हणून आल्या तेव्हाही कुलूप होतंच. धूळ झटकायला त्या मला उघडत, तेव्हा पाचवीतली अमृता हमखास यायची. तिला फार कमी दिसायचं. पुस्तक अगदी डोळ्यांना भिडवून ती एखादी ओळ वाचायची. डोळ्यांना पाणी आलं की म्हणायची, "मॅडम, तुमीच वाचा ना." मॅडम वाचायच्या, पण घंटा व्हायची आणि गोष्ट अर्धीच राहायची.

यंदा मॅडमना पुण्याला शिक्षणातल्या तंत्रज्ञानाच्या परिषदेला पाठवलं. निघताना मुख्याध्यापक व्यंकटराव सर म्हणाले, "आपल्याकडं टॅब येणार आहेत. कुठं काय बसवायचं ते नीट बघून या. हे कपाट काढलं की जागा होईल."

मित्रांनो, मॅडम परत येईपर्यंत बाहेरून भंगारवाल्याची हाक आली की माझ्या काचा थरथरायच्या.

मॅडम परतल्या. सरांनी विचारलं, "मग, कधी हलवायचं हे?"

"सर, राहू द्या त्याला," मॅडम म्हणाल्या. "तिथं मला एक दृष्टिहीन ग्रंथपाल बाई भेटल्या. त्यांच्या शाळेत मुलंच पुस्तकं मोठ्यानं वाचून आवाज साठवतात, म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांना ती ऐकता येतात. आपणही टॅबवर तसं करू. पण त्यासाठी आधी कुलूप काढावं लागेल."

"अन् पुस्तकं हरवली तर?"

"काही हरवतील, सर. पण आत्ता तर सगळीच हरवल्यासारखी आहेत."

सरांनी माझ्या कडीचं कुलूप एकदा ओढून पाहिलं. "दिवाळीपर्यंत बघू. नाही जमलं तर कपाट हलवायचं."

कुलूप निघालं, टॅबही आले, पण सुरुवातीला काही जमेना. टॅबसमोर बसलं की मुलं एकतर हसत सुटायची, नाहीतर मुकी व्हायची. सोयगावकडून आलेली सोनिया तर तोंडच उघडेना. "आमचं बोलणं गावठी हाय, मॅडम. समदे हसतील."

"अमृताला कळतं ना तुझं बोलणं?"

"व्हय."

"मग तिलाच सांग. टॅबकडं बघूच नको."

अमृता माझ्या दाराला पाठ टेकून बसली आणि सोनियानं वाचायला घेतलं. आधी अडखळत, मग हळूहळू रंगात येत. गोष्टीतलं माकड विहिरीत डोकावलं तेव्हा अमृता इतकी हसली, की तिचं हसू माझ्या फळ्यांतून मला जाणवलं. घंटा झाली, तरी या वेळी गोष्ट तुटली नाही. दुसऱ्या दिवशी टॅब कानाशी धरून अमृतानं ती शेवटपर्यंत ऐकली, अन् पुन्हा पहिल्यापासून लावली.

मग ती मॅडमना म्हणाली, "मला बी सांगायचीय एक." आजीकडून ऐकलेली गोष्ट तिनं टॅबला सांगितली. सर दाराशी येऊन उभे होते. गोष्ट संपेपर्यंत ते हलले नाहीत. जाताना मॅडमना एवढंच म्हणाले, "खालच्या फळीला वाळवी लागलीय. सुताराला बोलवा."

मित्रांनो, तुमच्याही शाळेत माझ्यासारखं एखादं कपाट असेल. त्यातलं पुस्तक स्वच्छ हातांनी घ्या, पान दुमडू नका. आणि ज्याला वाचता येत नाही असं कुणी शेजारी बसलं असेल, तर त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात वाचा.