आइनच्या नावाचा डबा

सातासमुद्रापार ड्रोहेडा नावाचं गाव. गावाला नदी, नदीला पूल, पुलापलीकडे एक भाड्याचं घर. घरात परेश राही, त्याची बायको वसुधा राही आणि आठ वर्षांची लेक स्वरांगी राही. मी त्यांचा कुणी नव्हतो. मी उसाच्या चिपाडाचा डबा बोलतोय. एकदा जेवायचं आणि फेकून द्यायचं, त्या जातीतला.

रस काढला की उरतं ते चिपाड. लोक म्हणतात, यात आता काय राहिलं? त्याचाच लगदा केला, साच्यात दाबला, तापवला आणि मी झालो. उरलेल्यातून झालोय, पण कुणी कमी लेखलं तर मला खपत नाही. आधीच सांगून ठेवतो.

इथल्या सरकारने ठरवलं, प्राथमिक शाळेतल्या पोरांना दुपारी गरम जेवण द्यायचं. फुकट, आणि सगळ्यांना. बाप डॉक्टर आहे की बेकार, डबा विचारत नाही. आईबापांनी फोनवर 'हो' म्हणायचं आणि पोराला काय आवडतं ते निवडायचं, बस.

परेशने 'नको' म्हटलं होतं.

तो कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होता. कंत्राट संपून तीन महिने झाले होते आणि शिल्लक सगळी घरभाडं खात होतं. त्यात मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, सरकारचं फुकट घेतलं की पुढे नागरिकत्वाला अडतं. लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हतं, वाचणाऱ्याने विचारलं नाही. शिकलेली माणसं ही. केसाहून बारीक रेघ चिपवर ओढतील, पण शाळेत जाऊन एक प्रश्न विचारायला पाय उचलत नाहीत.

मग स्वरांगी घरचा डबा न्यायची. आधी पोळीभाजी होती, नंतर पोळी आणि लोणचं. शेजारच्या पोरांच्या डब्यांतून वाफ निघायची, ही झाकण अर्धं लावून खायची. घरी वसुधाचे उपास वाढले. सोमवार पहिल्यापासून होता, मग गुरुवार आला, मग शनिवार. साबुदाणा नाही की वरी नाही, नुसता चहा.

माझ्यावर स्वरांगीच्या वर्गातल्या आइन नावाच्या मुलीची चिठ्ठी होती. पोटात भाजीची करी आणि भात. त्या दिवशी आइनला कांजिण्या निघालेल्या. डबे वाटणारी ऑर्ला मला कचऱ्याकडे न्यायला निघाली आणि स्वरांगीपाशी थांबली.

"खाशील का गं? नाहीतर हा जाणार बिनमध्ये."

पोरीने अर्धं खाल्लं. मग माझं झाकण घट्ट लावलं आणि मला दप्तरात घातलं.

घरी परेशने मला पाहिलं. "हा कुठला डबा?"

"आइनचा. शीज सिक, बाबा. ऑर्लाने दिला."

"दुसऱ्याचं उरलेलं घरी आणलंस? मागून खायला आलोय का आपण या देशात?"

"आय डिडन्ट आस्क. शी गेव्ह. हाफ आईचं आहे."

"मला नको गं राणी," वसुधा म्हणाली, "उपास आहे माझा."

"कसला?" परेशने विचारलं.

"मंगळवारचा."

"मंगळवार कधीपासून धरलास?"

वसुधा ओटा पुसत राहिली. बोलली ती स्वरांगीच. "बाबा, इट्स नॉट अ फास्ट. शीज जस्ट नॉट ईटिंग."

मला हात असते तर झाकण मीच उघडलं असतं. पण ते परेशने उघडलं. करी-भात ताटलीत घेऊन गरम केला आणि वसुधापुढे ठेवला. ती उभ्यानेच जेवली. "मीठ कमी आहे," म्हणाली, आणि शेवटचं शीतही ठेवलं नाही.

मग तिने मला धुतलं, पुसलं. पिंपात तळाशी राहिलेल्या मैद्याचे शंकरपाळे केले आणि माझ्यात भरले.

"अगं, हा टाकायचा डबा आहे," परेश म्हणाला.

"असेल. आपल्या घरातून दुसऱ्याचं भांडं रिकामं परत जात नाही. आणि घेऊन तू जायचंस. गेलास की विचारून ये, काय अडतं ते."

दुसऱ्या दिवशी गेला बिचारा, इस्त्रीचा शर्ट घालून, मला दोन्ही हातांत धरून. ऑर्लाने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "इतके डबे वाटले मी. कचरा परत आणून देणारा तू पहिलाच."

परेशने भांड्याची रीत सांगितली. मग घसा खाकरला. "मुलीने रोज हे जेवण घेतलं तर आमच्या कागदांना काही...?"

"कागद?" ऑर्लाच्या तोंडात तोवर दोन शंकरपाळे गेले होते. "अरे, पोरांचं जेवण आहे हे. माझा नातू खातो. मुख्याध्यापिकांचा मुलगा खातो. मग त्यांचेही कागद अडले म्हणायचे. फोन काढ. इथे दाब. झालं, ग्रँड."

शंकरपाळे तिने ओतून घेतले आणि मला रिकामं द्यायची तिलाही लाज वाटली. एक सफरचंद घातलं. झाकण काही लागेना.

पुढच्या आठवड्यापासून स्वरांगीच्या नावाचे डबे येऊ लागले. तिच्या डब्यातली पोळी आईच्या ताटात आली. मंगळवार सुटला, गुरुवार सुटला, शनिवारही सुटला.

माझा तळ आता मऊ पडलाय. उद्या ओल्या कचऱ्याच्या तपकिरी बिनमध्ये जाईन, माती होईन. रडत नाही मी. जाताना एवढंच सांगतो: लाजायचं असेल तर घरातलं माणूस उपाशी राहिल्याची लाज बाळगा. सगळ्यांसाठी मांडलेल्या ताटावर बसायला कसली लाज? मी भिकेचं भांडं नव्हतो आणि तुम्ही मला तसं म्हणू नका.

काल परेशला नोकरी लागली, हृदयात घालायच्या नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात. पत्र वाचून वसुधा म्हणाली, "आता शाळेचं जेवण बंद करायचं का? आपलं आपल्याला पुरेल आता."

"का बंद?" परेश म्हणाला. "मला पगार सुरू झाला म्हणून पोरीला पंगतीतून उठवायचं?"

सोमवारपासून ती तिघं दुपारी जेवतील, बाप कारखान्यात, लेक शाळेत, आई घरी, सोमवारी उपासाची खिचडी का होईना. तीन जागी, पण एकाच वेळी, आणि पोटभर.