वीस म्हणजे वीसच

मी वीस किलोचं वजन बोलतोय. 'बोलतंय' म्हणायचं असतं, हे मला शिकवू नका. शाळा मी बाहेरूनच पाहिलीय.

ओतीव लोखंडाचा आहे मी. डोक्यावर कडी, बुडाला शिशाची गोळी, तिच्यावर शिक्का. तीस वर्षं गोदामातल्या तराजूवर बसलो. माणसं गोड बोलून मापात मारायची. मी कधी मारलं नाही. मग आकडे दाखवणारा काटा आला नि मला कोपऱ्यात ढकललं. तिथून एका हमालानं मला घरी आणलं.

हा घरांचं सामान हलवतो. कपाटं, फ्रिज, जिन्यावरून वर, जिन्यावरून खाली. वरची बाजू तो धरतो, खालची त्याचा मेहुणा. कंबर धरायला लागली तेव्हा त्याला कोणीतरी सांगितलं, व्यायाम कर, विसावाही घे, अंगात ताकद येईल. सल्ला खोटा नव्हता, पण या गड्यानं तो अर्धाच ऐकला. रोज कामावरून आला की घामट कपड्यांतच मला तीस वेळा उचलायचा. आधी आठ तास दुसरं काय केलं होतं?

पंधरा दिवस जमलं. मग तिसाचे पंचवीस झाले, पंचविसाचे अठरा. एकदा मला दाणकन आपटून म्हणाला, "हे वजन वाढलंय!"

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "का, लोखंडाला दिवस गेलेत?"

"अगं, मी रंगाचे दोन हात दिलेत ना. त्यानं वाढलं असणार."

"मग तोलून आणा. माझं डोकं नका खाऊ."

असा अपमान माझा जन्मात झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी मेहुण्याला घेऊन तो गोदामात गेला. मला काट्यावर ठेवलं. वीस. उचलून पुन्हा ठेवलं. वीस. त्याचा रंग काट्याच्या खिजगणतीतही नव्हता.

तेव्हा मेहुणा बोलला, "भावजी, ते वाढलं नाही, तुम्ही थकलात. परवा तिसऱ्या मजल्यावर तुमची बोटं सुटली. कपाट एक पायरी माझ्या छातीवर आलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय? ताकद कमी पडली म्हणून तुम्ही ह्याला आणखी दहा वेळा उचललं असतं! पण पुन्हा सुटलं तर खाली मी आहे, भावजी."

हमालानं मला काट्यावरून उचललं. मला परत नेताना त्यानं दोनदा हात बदलला.

तेव्हापासून कामाच्या दिवशी मला हात लावायचा नाही. संध्याकाळी तो पाय भिंतीला लावून पडतो, मी दार अडवून बसतो. सुट्टीच्या सकाळी, झोप पुरी झाल्यावर उचलतो. दहा झाले की दम खातो, मग पुढचे दहा. आधी वाटलं, झालो पुन्हा अडगळ. पण आता माझी कडी अशी धरतो की काय बिशाद सुटायची!

काल दोघांनी चौथ्या मजल्यावरून भलंमोठं कपाट उतरवलं. मी दाराशी जीव मुठीत धरून बसलेलो. मेहुणा आला तो हात चोळतच. "ताई, आज दोनदा मीच म्हटलं, भावजी थांबा. हे आपले खांबासारखे उभे! आणा ते वजन, मीही उचलतो."

"आज नाही," हमाल म्हणाला. "आज जेव आणि झोप. रविवारी ये."

हुश्श! सुटलो एकदाचा. तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल, नि तुम्ही दिवसभर ओझी वाहून आला असाल, तर त्याच्याकडे बघूही नका. निजा खुशाल. आम्ही कुठं पळून जात नाही.