रक्तावरची साय

मित्रांनो, मी काचेची एक जुनी नळी आहे. उंचीला तुमच्या मधल्या बोटापेक्षा थोडी जास्त. भट्टीत जन्मले तेव्हा मी मधासारखी ओघळती होते. कुणीतरी फुंकर मारली आणि मला पोट मिळाले. मग जहाज, मग भुशाने भरलेले खोके, मग घाट चढणारी बैलगाडी. खोके उघडले ते जव्हार संस्थानातल्या दवाखान्यात. तिथे सकाळी धुके आत येई आणि मला वाटे, मी अजून ढगातच निजले आहे.

किती जणांचे रक्त माझ्या पोटात विसावले! थोडा वेळ उभे ठेवले की रक्त खाली गोठते आणि वर पिवळसर, नितळ पाणी येते. "वा, किती स्वच्छ!" डॉक्टर म्हणत. कौतुक त्या पाण्याचे असे. मी ते आपले समजून सुखावे.

एके दिवशी साखरशेत गावचा देवजी आला. घरी दोन म्हशी, पण अंगावर मांस नाही. त्याला मधुमेह होता. डॉक्टरांनी गूळ बंद केला होता, तूप तोडले होते, भाकरी मोजून दिली होती; तरी तो वाळतच चालला होता. सोबत लेक चैती, पाठीशी दोन महिन्यांचे बाळ बांधलेले.

देवजीचे रक्त माझ्यात आले. घटकाभराने वर जे जमले ते पाणी नव्हतेच. पांढरे, दाट, दुधासारखे. त्यावर चक्क साय धरली होती.

चैतीचा चेहरा उजळला. "बा, बघ रं! तुझ्या रक्तात दूध उतरलं. लागलं का नाय माझं तूप अंगी?"

"गप गं चैते," देवजी पुटपुटला.

"कुठलं तूप?" डॉक्टरांनी विचारले.

चैतीने सगळे सांगून टाकले. बाळंतपणासाठी बापाने कढवून दिलेल्या तुपाला तिने बोटही लावले नव्हते. रोज भाकरी त्यात बुडवून ती बापालाच भरवत होती.

"डागदर, गूळ नाय दिला. पन हाडं दिसत्यात वो त्याची!"

डॉक्टर रागावले नाहीत. "चैती, या आजारात साखरेबरोबर चरबीही रक्तात साचते. हे दूध नाही, चरबी आहे. असंच चाललं तर तुझा बाप हातचा जाईल."

तिने मला हातात घेतले. तिच्या तळव्याला बाळाचा वास होता.

"मंग मी काय भरवू त्याला?"

देवजीच बोलला. "मोजलेली भाकरी तुझ्या हातानं दे. आन् ते तूप तू खा. पोराला दूध पुरत नाय, मला दिसत नाय व्हय?"

त्यानंतर देवजी दर आठवड्याला येत राहिला. माझ्यातले पांढरे हळूहळू विरळ झाले. भातकापणीच्या दिवसांत चैतीने मला उजेडात धरले आणि ती हसली. "बा, आज तुझ्यातून पल्याडचा डोंगर दिसतोय!"

आता माझी कड टवकली आहे. कपाटात मी कापसात पडून असते. मित्रांनो, घरात कुणाला मधुमेह असेल तर रक्तातली चरबीही तपासून घ्या. बहुतेकांच्या रक्तात ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आणि ज्याच्यावर जीव आहे, त्याला घास भरवण्याआधी त्याला काय चालते ते विचारा. चैतीने विचारले, म्हणून तिचे बाळ आजोबांचे बोट धरून चालायला शिकले.