भट्टीतला देवदूत

ईस्टरच्या आधीच्या सोमवारी एर्मिनियाने शेजारच्या तिघीचौघींना जेझुइट पाद्र्यांच्या पडक्या देवळात नेलं. तिथे तिकिटं फाडायचं काम तिच्याकडेच होतं, त्यामुळे अडवणारं कुणी नव्हतं. बासिलियाने गुडघ्याचं कारण काढलं. पण एर्मिनिया तिच्या मुलाची धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत. तिच्यापुढे कारणं टिकत नसत.

"कोमाद्रे, जन्म या लाल भिंतींच्या सावलीत काढलास आणि तेहेतीस वर्षांत आत पाऊल नाही. भुतं खातात का गं तुला?" असं म्हणत तिने बासिलियाचा हात धरला.

देवळाचं छप्पर कधीच गेलेलं. भिंतीवर वरच्या अंगाला देवदूतांची रांग होती, नुकतीच धुऊन काढलेली. कुणी बासरी वाजवतोय, कुणी व्हायोलिन. गाल आपल्याच पोरांसारखे रुंद, कारण कोरणारे हात ग्वारानी होते, आपल्याच पणजोबा-खापरपणजोबांचे. असं एर्मिनिया सांगत होती. रांगेत एका जागी मात्र हार्पच्या तारा होत्या, तारांवर बोटं होती आणि वर डोक्याच्या जागी नुसतं भोक.

"हा नदीपलीकडच्यांनी पळवला," ती म्हणाली. "अकरा वर्षं येईल त्याला मी हेच सांगते. आपल्या माणसाचा हात असल्या कामाला लागायचा नाही."

बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. बासिलिया जमिनीकडे बघत राहिली.

तेहेतीस वर्षांपूर्वी देवळाला कुंपण नव्हतं. घराच्या पायाला, गोठ्याला सगळेच तिथले दगड आणत, त्यात कुणाला काही वाटत नसे. पण सेल्सो, तिचा नवरा, भर दुपारी गाव झोपलेलं असताना गवतात पडलेला तो दगड घेऊन आला आणि त्याला तोंड होतं. अंगणात बांधायला घेतलेल्या भट्टीची मागची भिंत अर्धी झाली होती. सेल्सो म्हणाला, परत ठेवून येतो. बासिलियाच म्हणाली की आता कुठे नेतोस, तोंड आत कर, बाहेरून कुणाला दिसणार नाही. सेल्सोने तसंच केलं. जाळ आतच होतो आणि तो त्या तोंडालाच लागतो, हे तिला पुढल्या ईस्टरआधीच्या बुधवारी चिपा, म्हणजे चीज घातलेले छोटे पाव, भाजताना कळलं. तरी तिने भट्टी मोडली नाही. दर वर्षी पेटवली. सेल्सो जाऊनही नऊ वर्षं झाली होती.

बुधवारी सकाळी एर्मिनिया आणि चार घरच्या बायका पीठ मळून, परातींवर फडकी टाकून आल्या. गुड फ्रायडेला चूल पेटत नाही, म्हणून चिपा बुधवारीच भाजायचा आणि तो बासिलियाच्या भट्टीत, असा शिरस्ता होता. भट्टी थंड होती. झोप लागली का म्हातारे, म्हणून एकीने चेष्टा केली. दुसरी म्हणाली, हिचा सरपणातही चिकटपणा सुरू झाला.

बासिलियाला वाटलं, लाकडं ओली आहेत म्हणावं. अजून एक वर्ष निघेल. सेल्सोचं नाव तरी राहील. मग तिला ती भिंतीवरची बोटं आठवली.

"कोमाद्रे, आत हात घाल," ती म्हणाली. "मागच्या भिंतीला."

एर्मिनियाने हसत हात घातला. खांद्यापर्यंत आत गेली आणि तिचं हसू थांबलं. ती बराच वेळ चाचपत राहिली. बाहेर काढलेल्या हाताला काजळी होती. तो तिने झग्याला पुसला नाही, तसाच धरून ठेवला.

"नाक आहे अजून," ती हळूच म्हणाली. "ओठ गेले."

"सेल्सो परत ठेवणार होता. आत फिरव असं मीच म्हटलं."

 एर्मिनियाने चार शिव्या दिल्या असत्या, तर बासिलियाला उभं राहणं सोपं गेलं असतं. बायकांनी आपापल्या पराती उचलल्या आणि पलीकडच्या आळीत दुसऱ्या भट्टीकडे निघाल्या. एर्मिनिया शेवटी निघाली. दारात थांबली.

"अकरा वर्षं मी त्या लोकांना चोर म्हणत आले," ती म्हणाली. "आणि चिपा इथला खात आले."

दुपारी कुणीतरी कुंपणावर फडक्यात बांधलेले चार चिपा ठेवून गेलं. अजून गरम होते. बासिलियाने ते आत नेले नाहीत. ती पहार घेऊन भट्टीच्या मागे बसली आणि देवदूताच्या तोंडाला धक्का लागू नये म्हणून कडेची माती बोटांनीच उकरू लागली.