बाभळीवरचा उत्तररंग

श्रावणातल्या सप्ताहाचा सहावा दिवस. दुधनीत मारुतीपुढं जोतीरामबुवांचं कीर्तन ऐन रंगात आलेलं आणि मी टाळ घेऊन पहिल्याच ओळीत. उत्तररंगात बुवांनी स्वतः रचलेलं आख्यान लावलं होतं: एक आळशी सुगरण पक्षीण, तिनं अर्ध्यावर टाकलेलं घरटं, पावसात भिजलेली पिल्लं.

"अर्ध्यावर सोडलेली भक्ती, बाळांनो, अशीच भिजती!"

तेवढ्यात पोरांतून धनगराची चिमा उभी राहिली. कीर्तनात मधेच कुणी उठत नाही. बायकांनी तिचा परकर ओढला.

"बुवा, विहिरीवरच्या बाभळीला असली अर्धी घरटी लई हायती. समद्याच आळशी व्हय?"

मंडळी खदखदली. बुवांच्या चिपळ्या मात्र थांबल्या.

"पोरी, मला ठावं न्हाय. ऐकीव बोललो. नारदाच्या गादीवरनं शब्द देतो, परवा काल्याच्या कीर्तनात उत्तर सांगीन."

सप्ताहाचे कारभारी हिंदुराव यांनी कपाळाला हात लावला. महाप्रसादाच्या जळणासाठी उद्या तीच बाभूळ पाडायची होती. चिमाला ते ठाऊक होतं; तिची शेरडं दुपारी त्याच सावलीत बसत.

सकाळी हिंदुराव कुऱ्हाड घेऊन पोचले, तर बुवा आणि पोरं आधीच झाडाखाली, माना वर करून.

"बुवा, उत्तर आत्ताच द्या की! चुली पेटवायच्या हायती."

"झाडच गेलं तर इचारू कुणाला? गादीवरचा शब्द हाय, हिंदुराव."

गादीवरचा शब्द मोडायचं बळ हिंदुरावांत कुठलं? कुऱ्हाड मांडीवर घेऊन तेही बसले.

पिवळ्या डोक्याचा नर अर्ध्या घरट्याला लोंबकळून पंख फडफडवत होता. एक मादी आली, आत डोकावली आणि भुर्रकन गेली.

"पसंत न्हाय वाटतं," हिंदुराव हळहळले. "एवढं झ्याक इणलंय की!"

बऱ्याच वेळानं दुसरी आली. ती आतच राहिली. नर गवताची पाती आणून पुढची वीण घालू लागला.

"तिला आवडलं!" चिमा ओरडली. "आवडल्याबिगर पुरं करत न्हाय त्यो!"

"गप, उडंल ती!" हे हिंदुराव.

दुपारी पोरांनी घरोघरच्या गोवऱ्या मागून आणल्या. त्यांच्यावरच महाप्रसादाची हुग्गी शिजली, गव्हाची, गुळातली खीर. थोडी धुरकट लागली, पण गोड होती.

काल्याच्या कीर्तनात बुवांनी आळशी सुगरणीची माफी मागितली आणि नवं आख्यान लावलं. "आपुन इणत ऱ्हायाचं, बाळांनो. ऱ्हायला यायचं का न्हाय, ते त्यो पांडुरंग ठरवंल." माझे टाळ हातातच राहिले.

चिमा पुन्हा उठली. "पण बुवा, पान्यावरच्याच फांदीला का लटकवत्यात?"

बुवा मनापासून हसले. "पुढल्या श्रावणात बघून सांगतो."

मागून हिंदुरावांचा आवाज आला, "म्हंजी पुढल्या साली बी गोवऱ्याच म्हना की!"