कढई टाकली, रक्त तेच राहिलं

मित्रांनो, मी बिडाची एक जुनी कढई आहे. मुळगावात एका घरामागच्या लाकडांच्या खोपीत पालथी पडले आहे. पाठीवर गंज चढलाय आणि कोंबड्या खुशाल माझ्यावर बसतात. पूर्वी बसल्या असत्या तर चांगला चटका बसला असता!

तापलेल्या रसातून मी साच्यात उतरले आणि पुढे डिचोलीच्या बाजारात आले. गंगाने मला बोटाने वाजवून पाहिलं नि घरी नेलं. नारळाचं तेल पाजून पाजून तिने मला काळीभोर, गुळगुळीत केलं. तिचा नवरा कृष्णनाथ खाणीवर ट्रक चालवायचा. तांबड्या धुळीने माखून यायचा, आंघोळ करून जेवायला बसायचा आणि आधी माझ्यात डोकावायचा. मला ते फार आवडायचं.

मग तो थकू लागला. बोटांचे सांधे दुखायचे, स्टिअरिंग धरवेना. अंग काळपट पडलं. खाणीची धूळ मुरली, असंच सगळ्यांना वाटलं. गंगा नारळाच्या सोडणाने, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालीने, त्याची पाठ घासायची, पण रंग जाईना. "रगत कमी झालां, दुसरां काय!" असं म्हणत शेजारच्या मालतीने लोखंडाचं टॉनिक आणून दिलं. रक्त तपासायचं मात्र कुणाला सुचलं नाही. गंगा रोज माझ्यात तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ, शिजवायची.

"खावा थोडी, रगत वाढतला," ती म्हणायची. तो सगळी खायचा. आपण औषध झालो म्हणून मी फुगून गेले होते.

त्याच्या पोटात पाणी झालं तेव्हा मोठ्या इस्पितळात नेलं. तिथून तो जिवंत आला नाही.

डॉक्टरांनी काय सांगितलं ते त्याच्या मुलीने, सुविधाने, घरी सांगितलं. बाबांच्या अंगात लोखंड कमी नव्हतं, भलतंच जास्त होतं. इतरांचं शरीर हवं तेवढंच लोखंड घेतं, त्यांचं घेतच राहिलं आणि ते यकृतात साठलं. हा दोष आईवडील दोघांकडून जन्माबरोबरच आला होता. धुळीचा संबंध नव्हता. टॉनिकने नि कढईने भर घातली एवढंच. वेळेवर कळतं तर अधूनमधून थोडं रक्त काढून बाबा वाचले असते. म्हणून मुलीने आणि बाबांच्या सख्ख्या भावाने तपासून घ्यायला हवं.

गंगाने त्यातली कढई तेवढी ऐकली. "मीच लोखंड भरयलंय त्यांका!" म्हणत ती रडली आणि तिने मला इथे आणून आपटलं. मला राग नाही आला. तिच्याएवढंच मलाही रडावंसं वाटलं.

सुविधाने तपासणी करून घेतली. कृष्णनाथचा धाकटा भाऊ गौरेश मात्र हसला. "कढय भायर टाकली न्हय? मगे माका काय जातला?" गंगालाही तेच वाटतं.

परवा गौरेश लाकडं फोडायला आला. कोयत्यावर त्याची बोटं आवळेनात. उन्हात त्याचे हात मी जवळून पाहिले. तोच काळपट रंग! हा तर बँकेत बसून काम करतो, खाणीवर कधी गेलासुद्धा नाही. मग तो नळावर गेला आणि सोडणाने हात घासत राहिला.

मित्रांनो, मला पुन्हा चुलीवर नाही चढवलं तरी चालेल. हवं तर भंगारात घाला. पण मला टाकलं म्हणून निर्धास्त राहू नका. गंगाला कुणीतरी सांगा, त्याच्या हातातलं सोडण काढून घे आणि त्याला रक्त तपासायला ने. अजून वेळ आहे.