पांढरी चारमधली गिटार

माडीवरून गिटारचा आवाज आला आणि मधुवंतीबाईंचा तांदूळ निवडणारा हात थांबला. भाडेकरू महांतेश जुन्या विलायती रॉकवाल्यांचे तुकडे रोजच घोटायचा. एकाचं तार ओढून सूर रडवणं, दुसऱ्याचं बोट थरथरवणं. पण हा तुकडा त्यांचा धाकटा भाऊ त्र्यंबक गेल्यापासून त्यांनी ऐकला नव्हता.

त्यांनी बाजाची पेटी उघडून त्या सुराशी जुळणारी पट्टी दाबली. पांढरी चार.

मूळ गाणं पांढरी तीनमधलं. त्र्यंबक ऑर्केस्ट्रात लीड गिटार वाजवायचा. घरचा टेपरेकॉर्डर जरा जोरातच पळायचा, गाणी एक पट्टी चढी निघायची, आणि हा पठ्ठ्या तारा पिळून त्या पट्टीत आणायचा. किती तारा तुटल्या! चूक कळली तेव्हा म्हणाला, "ताई, आता बोटांना हेच पाठ झालंय." शेवटाकडे टेपनं फीत खाल्ली होती. तिथं त्यानं पदरचे सूर भरले होते, वर लावणीची एक मुरकी.

माडीवर तेच वाजलं. मुरकीसकट.

म्हणजे यानं ट्रंक उघडली! त्र्यंबकच्या वाजवण्याच्या कॅसेटी माडीवरच्या कॉटखाली, त्या ट्रंकेतच होत्या. आता बाईंना एकेक आठवू लागलं. दारावर पाटी नाही, मध्ये एजंट नाही, तरी नेसरी गावचा हा पोरगा सरळ दारात आला होता. खालची हवेशीर खोली सोडून माडीच मागितली. पत्ता कुणी दिला विचारलं तर 'मामानं' म्हणून मान खाली.

देव्हाऱ्यात ठेवलेली ट्रंकेची किल्ली घेऊन त्या तणतणत वर गेल्या.

"खोली रिकामी कर. आजच!"

"काय झालं, बाई?"

"ट्रंक कधी उघडलीस?"

"कंची ट्रंक? ही? बाई, पाय लागला तरी मी नमस्कार करतोय हिला!"

"नाटकं नकोत. ओढ बाहेर."

किल्ली फिरेना. कुलूप गंजून एकजीव झालं होतं. महांतेशनं कडीच उचकटली, तेव्हा झाकण उघडलं. कॅसेटींवर पांढरी बुरशी. बाईंनी एक फीत ओढली, तर तिचा पापडासारखा चुरा झाला. यातून कुणाला काही ऐकू येणं शक्य नव्हतं. त्यांनाही नाही, कधीच नाही.

तो चुरा त्यांनी पदरात गोळा केला. मग मान वर न करता म्हणाल्या, "ती मुरकी कुठून आणलीस?"

"पिराजीमामांनी शिकवली. आमच्या गावात बँड हाय त्यांचा."

पिराजी! त्र्यंबकच्या शेजारी उभा राहून साथीची गिटार वाजवणारा, या घरात पिठलं-भाकरी खाल्लेला. त्र्यंबकच्या मयताला फिरकला नाही, तेव्हापासून बाईंनी त्याचं नाव टाकलं होतं.

"मामा म्हणाले, माझं नाव काढू नको, ताई दारात उभं करणार न्हाईत. आणि घेतलीस तर माडीच घे, लई चांगली वाजत्या गिटार तिथं."

"मूळ गाणं ऐकलंस का कधी?"

"ऐकलं की. मोबाईलवर ते खाली लागतंय, मुरकी बी न्हाय. मला वाटलं, कापून टाकलंय!"

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. "आणि मामा काय म्हणतो?"

"म्हणतोय, बाकी कसंबी वाजीव, हितं जरा बी बदलायचं न्हाय."

"वाजव. माझ्यासमोर."

त्यानं वाजवलं. बाई त्याच्या बोटांकडे डोळे बारीक करून बघत होत्या, जणू अजून चोर सापडायचा होता. मुरकी आली तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

गिटार ठेवून महांतेश दोरीवरचे कपडे काढू लागला.

"हे काय?"

"खोली रिकामी कर म्हणालायसा की."

"ट्रंक खाली ने. तेवढीच जागा होईल तुला." दारात जाऊन बाई वळल्या. "आणि त्या पिराजीला सांग, येऊन जा म्हणावं. मयताला का आला नाही, ते मला त्याच्या तोंडून ऐकायचंय. तुझ्याकरवी निरोप-बिरोप चालणार नाही."